पाड्यावरचा झरा बांधून घेताना: मे महिन्याच्या मोजणीपासून टीसीएलच्या हिशेबापर्यंत

शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्ट्यातल्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी पाड्यांवर पाण्याचं काम करायला ठाणे-नवी मुंबईतून दरवर्षी गट येतात. काम बहुतेक वेळा एकाच पद्धतीने फसतं. टाकी आणि पाईप आधी विकत घेतले जातात, झरा नंतर पाहिला जातो. तोही दिवाळीच्या सुमारास, जेव्हा सगळेच झरे भरभरून वाहतात. मार्च उजाडला की नळ कोरडे पडतात आणि बायका पुन्हा हंडे घेऊन जुन्या डवऱ्यावर, म्हणजे पाणी झिरपून साठणाऱ्या उघड्या खड्ड्यावर जातात.

हा लेख एकाच प्रकारच्या कामाचा आहे: पाड्याच्या वर, चढावर असलेला झरा झाकून घेणं, त्याचं पाणी उताराने पाड्यापर्यंत आणणं आणि ते पिण्यालायक ठेवणं. झरा पाड्याच्या खाली, दरीत असेल तर झऱ्याची पेटी (उगमावर बांधलेला झाकणाचा छोटा हौद) आणि टीसीएलचे (पाणी निर्जंतुक करणाऱ्या ब्लीचिंग पावडरीचे) टप्पे तसेच लागू पडतात. पाणी वर चढवायला मात्र पंप लागतो, आणि ते काम वेगळं आहे.

## टप्पा 1: झरा मोजा, आणि मे महिन्यात मोजा

मार्चपासून मे अखेरपर्यंत दर आठवड्याला एकदा, शक्यतो पहाटे मोजा. पहाटे अशासाठी की रात्री उपसा कमी असतो आणि पाणी उन्हाने सुकलेलंही नसतं. तुमच्या सगळ्या हिशेबात धरायचा आकडा एकच: या तीन महिन्यांतला सर्वांत कमी आकडा. सरासरी काढू नका. माणसांना मे महिन्यात सरासरी पाणी मिळत नाही.

धार पडत असेल तर मोजणी सोपी आहे. मातीचा छोटा बांध घालून सगळं पाणी एका पाईपच्या तुकड्यातून पाडा, खाली 10 लिटरची बादली धरा आणि ती भरायला किती सेकंद लागतात ते पाहा. पाच वेळा मोजा. 60 सेकंद लागले तर मिनिटाला 10 लिटर, म्हणजे दिवसाला 14,400 लिटर.

धार नसेल, खडकाच्या फटीतून पाणी नुसतं झिरपून डवऱ्यात साठत असेल, तर डवरा वापरून मोजा. पाणी उपसून घ्या, आत काठी रोवा, पातळीची खूण करा आणि 10 मिनिटांनी किती चढलं ते मोजा. 1 मीटर लांब, 1 मीटर रुंद डवऱ्यात 10 मिनिटांत 6 सेंटिमीटर पाणी चढलं तर 60 लिटर आलं, म्हणजे मिनिटाला 6 लिटर. उपसलेलं पाणी ओतून देऊ नका. मे महिन्यात त्या पाण्यासाठी कुणीतरी रात्र जागवलेली असते. मोजणीची वेळ पाणी भरणाऱ्या बायकांनाच विचारून ठरवा आणि उपसा त्यांच्याच हंड्यांत करा. एक हंडा भरायला होळीला किती वेळ लागतो आणि अक्षय्य तृतीयेनंतर किती, हे त्या न मोजता सांगतात. त्यांचं उत्तर आणि तुमचा आकडा यांत मोठा फरक आला तर तुमची मोजणी पुन्हा करा.

ऑगस्टमध्येही एकदा मोजा. तो आकडा पुरवठ्यासाठी नसून ओव्हरफ्लोचा पाईप किती मोठा लागेल हे ठरवण्यासाठी आहे. त्याच वेळी पाणी किती गढूळ होतं ते पाहा.

थांबा: जोराचा पाऊस पडल्यावर काही तासांतच झरा गढूळ होत असेल तर जमिनीवरून वाहणारं पाणी त्यात शिरतंय. वरच्या बाजूला चर काढूनही गढूळपणा गेला नाही तर नुसती पेटी बांधून भागणार नाही, वाळूची गाळणी लागेल.

## टप्पा 2: माणसं मोजा, मग लिटर

पाड्यावर मे महिन्यात डोकी मोजली तर निम्मी घरं कुलूपबंद दिसतील. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. तीही धरा. घरात पाणी आलं तर म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं मागे राहू शकतात.

जलजीवन मिशनचं माप माणशी दिवसाला 55 लिटर आहे. 40 घरं, 200 माणसं धरली तर 11,000 लिटर. वरच्या उदाहरणातला 14,400 लिटरचा झरा पुरेसा आहे. तोच झरा मिनिटाला 4 लिटरवर आला तर दिवसाला 5,760 लिटर, म्हणजे माणशी साधारण 29 लिटर. एवढ्यात पिणं-रांधणं होईल, धुणं आणि जनावरं होणार नाहीत. अशा ठिकाणी घरोघरी नळ देऊ नका. उतारावरची चार घरं पाणी ओढतील आणि वरची कोरडी राहतील. तिथे एकच सामाईक नळकोंडाळं ठेवा आणि धुण्यासाठी दुसरा पाणवठा सांभाळा.

साठवण टाकी केवढी हवी? पाणी भरलं जातं सकाळ-संध्याकाळ, झरा वाहतो चोवीस तास. रात्री 9 ते पहाटे 5 या आठ तासांत मिनिटाला 10 लिटरने 4,800 लिटर जमा होतं. म्हणून इथे 5,000 लिटरची टाकी पुरते. त्यापेक्षा मोठी घेतली तर ती उन्हाळ्यात कधी भरणारच नाही, आणि अर्धवट भरलेल्या टाकीत टीसीएलचा हिशेबही बिघडतो.

## टप्पा 3: ग्रामसभा आणि वनखातं

आधी पंचायत समितीच्या पाणीपुरवठा शाखेत जाऊन विचारा की या पाड्यासाठी कुठली योजना मंजूर किंवा चालू आहे का. गावाच्या नावावर योजना असते आणि पाडा तिच्यातून सुटलेला असतो, असं पुष्कळदा दिसतं. तसं असेल तर पाडा त्यात घ्यावा असा ठराव करून घेणं हेच पहिलं काम.

शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, म्हणून तिथे पेसा कायदा (अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा) लागू होतो. ग्रामसभेचा ठराव पाड्यावर, पाड्याच्या भाषेत वाचून घ्या. ठरावात चार गोष्टी असू द्या: कुठला झरा, पाईपची वाट कुठून जाणार, उरलेलं पाणी कुठे सोडणार आणि देखभाल कोण करणार. ग्रामपंचायतीला मिळणारा पेसाचा 5 टक्के अबंध (ठरावीक कामाला न बांधलेला) निधी अशा कामाला मागता येतो.

झरा किंवा पाईपची वाट वनजमिनीत असेल तर वनहक्क कायदा, 2006 मधलं कलम 3(2) वापरा. त्यातल्या 13 सुविधांमध्ये पिण्याचं पाणी आणि जलवाहिनी दोन्ही येतात. अटी अशा: दर कामाला 1 हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. ‘नमुना अ’ भरून वन परिक्षेत्र अधिकाऱ्याकडे द्या आणि पोच घ्या. तोंडी ‘करा, काही हरकत नाही’ यावर खोदकाम सुरू करू नका. वनरक्षकाची बदली झाली की तीच हरकत उभी राहते.

ठाण्याजवळच्या येऊरचे पाडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतात. तिथे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 सुद्धा लागू आहे, त्यामुळे वर सांगितलेली वाट तिथे पुरेशी नाही.

उगमाजवळ शेंदूर लावलेला दगड, बांगड्या, नारळ दिसले तर तो देवाचा झरा आहे. पाड्यातल्या जाणत्यांना विचारल्याशिवाय तिथे कुदळ लावायची नाही. ते म्हणतील त्या दिवशी, ते म्हणतील तसं करूनच काम सुरू करा.

## टप्पा 4: पाणी तपासून घ्या

तपासणी दोनदा करा: एकदा मे महिन्यात, एकदा पहिल्या पावसानंतर. बाटली प्रयोगशाळेतूनच घ्या. जिवाणू तपासणीची बाटली निर्जंतुक केलेली असते. धुतलेली मिनरल वॉटरची बाटली चालत नाही. झाकण आतून हाताळू नका, बाटली काठोकाठ भरू नका, बर्फाच्या डब्यात ठेवा आणि शक्य तर सहा तासांत, फार तर 24 तासांत पोचवा. म्हणजे नमुना सकाळी लवकर, प्रयोगशाळा चालू असेल त्या दिवशी घ्यायचा. शनिवारी दुपारी घेतलेला नमुना वाया जातो.

भारतीय मानक 10500 प्रमाणे पाहायचे मुख्य आकडे:

- ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जिवाणू): 100 मिलिलिटरमध्ये अजिबात नको
- गढूळपणा: 1 एनटीयू (गढूळपणाचं एकक), दुसरा स्रोतच नसेल तर 5 पर्यंत
- पीएच (आम्लपणाचं माप): 6.5 ते 8.5
- नायट्रेट: 45 मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत
- फ्लोराइड: 1, दुसरा स्रोत नसेल तर 1.5 मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत
- एकूण विरघळलेले क्षार: 500, दुसरा स्रोत नसेल तर 2,000 पर्यंत

उघड्या डवऱ्याच्या पाण्यात ई. कोलाय सापडणारच. झाकण नाही, कडेला जनावरं, बादल्या आणि दोर आत. त्यावरून झरा वाईट ठरवू नका. पेटी बांधल्यावर पुन्हा तपासा. नायट्रेट जास्त आलं तर मात्र वरच्या अंगाला गोठा, शेणखताचा खड्डा किंवा संडास आहे का ते शोधा. नायट्रेट टीसीएलने जात नाही आणि उकळूनही जात नाही.

इथेच एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. शहरातल्या देणगीदारांना पाड्यावर आरओ मशीन बसवायचं असतं. आरओ क्षार काढायला असतं. क्षाराचा आकडा मुळात कमी आला असेल तर आरओचा काहीही उपयोग नाही. उलट ते बरंचसं पाणी फेकून देतं, त्याला वीज लागते आणि मेम्ब्रेन (आतला गाळणीचा पडदा) बदलायला माणूस लागतो. तोच पैसा पेटी आणि कुंपणावर घाला.

## टप्पा 5: कामाचा क्रम आणि सामान

| काळ | काम |
|---|---|
| मार्च ते मे | मोजणी, पहिला नमुना |
| जून ते सप्टेंबर | ठराव, अर्ज, पावसाळी मोजणी, दुसरा नमुना |
| दसरा ते दिवाळी | पाईपची चारी (जमीन मऊ असते, माणसं घरी असतात) |
| फेब्रुवारी ते एप्रिल | झऱ्याची पेटी, टाकी, नळकोंडाळं |
| मे | निर्जंतुकीकरण, पुन्हा तपासणी |

पेटी उन्हाळ्याकडेच बांधायची, कारण पाणी सर्वांत खाली गेल्यावरच खरा उमाळा, म्हणजे पाणी फुटतं ती जागा, कुठे आहे ते दिसतं. पण त्याच वेळी पाड्याला त्याच झऱ्याचं पाणी लागतं, आणि काँक्रीट कालवायला व मुरवायलाही पाणी लागतं. खोदकाम चालू असताना झऱ्याचं पाणी पाईपच्या तुकड्याने बाजूला वळवून तात्पुरत्या पिंपात घ्या. सकाळी बायकांचं पाणी भरून झाल्यावरच गवंड्याला पाणी द्या. काम सात-आठ दिवसांपेक्षा लांबणार असेल तर पाड्यासाठी टँकरची सोय आधी करून ठेवा.

1 मीटर लांब-रुंद-खोल पेटीसाठी सामान: सिमेंट, धुतलेली वाळू, 20 ते 40 मिलिमीटरची खडी (धुऊन घेतलेली), हाताएवढे टणक काळे दगड, जाड प्लास्टिकचा कागद, चिकणमाती, 110 मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप, 63 मिलिमीटरचा पाईप व बूच, 32 मिलिमीटरचा एचडीपीई पाईप (आयएस 4984, पीएन 6), बारीक पितळी किंवा स्टीलची जाळी, कुलपाचं झाकण. खडी वर डोक्यावरून न्यावी लागणार असेल तर ती डोंगरावरच फोडून-चाळून घेता येते का ते पाहा.

## टप्पा 6: उमाळा उघडणं आणि पेटी बांधणं

सगळ्या कामातला हा जीव आहे. इथली चूक नंतर दुरुस्त होत नाही.

सह्याद्रीच्या काळ्या खडकात पाणी बहुधा दोन थरांच्या सांध्यावर फुटतं. वरचा थर भेगाळलेला असतो, खालचा घट्ट, आणि मध्ये कधी लालसर मातीचा पट्टा दिसतो. त्या घट्ट थरावरून सरकत पाणी बाहेर येतं. तो खालचा थर फोडला तर पाणी त्यातून खाली उतरून जातं आणि झरा कायमचा हरवतो.

1. पाणी दिसतं तिथून सुरुवात करून चढाच्या दिशेने हळूहळू माती काढत जा. मऊ माती संपून खडकातून पाणी फुटताना दिसेपर्यंत. फक्त कुदळ, फावडं आणि पहार वापरा.

2. उमाळ्याची उंची पक्की खूण करून ठेवा. खडकावर रंगाने रेघ मारा. पुढचं प्रत्येक माप या रेघेपासून घ्यायचं आहे.

3. उमाळ्याच्या पुढे, उताराकडे, पेटीचा तळ घ्या. तळ उमाळ्यापेक्षा किमान 60 सेंटिमीटर खाली असावा. तळाचं काँक्रीट 10 ते 15 सेंटिमीटर जाड, 1:2:4 (सिमेंट, वाळू, खडी) प्रमाणाचं.

4. पुढची आणि बाजूच्या दोन्ही भिंती पूर्ण बंद बांधा. मागची, म्हणजे उमाळ्याकडची भिंत खालच्या भागात सुक्या दगडांची ठेवा, सांधे उघडे. पाणी तिथूनच आत येणार. त्या भिंतीला सिमेंट फासलं म्हणजे झऱ्याचं तोंड दाबलं.

5. पाईप भिंती बांधतानाच बसवा, नंतर छिन्नीने भोकं पाडू नका. तीन पाईप लागतात:
   - पाड्याकडे जाणारा, तळापासून 15 सेंटिमीटर वर, तोंडाला जाळीची गाळणी
   - धुण्याचा, 63 मिलिमीटर, अगदी तळाला, बाहेरून बूच
   - ओव्हरफ्लो, 110 मिलिमीटर, ज्याचा तळ उमाळ्याच्या रेघेपासून 10 सेंटिमीटर खाली. ऑगस्टची धार मोठी असेल तर असे दोन

6. आतून 1:3 (सिमेंट, वाळू) चा गिलावा. बांधकाम किमान सात दिवस ओलं ठेवा.

7. उमाळा आणि मागची भिंत यांच्यामध्ये आधी मोठे धुतलेले दगड, मग खडी भरा, रेघेच्या थोडं वरपर्यंत. त्यावर प्लास्टिकचा कागद, त्यावर 15 ते 20 सेंटिमीटर चिकणमाती चोपून बसवा, वर माती घालून गवत लावा. वड, उंबर, पिंपळ जवळ नव्याने लावू नका, मुळं पेटीत शिरतात. आधीपासून असलेलं झाड तोडायचं मात्र कारण नाही.

8. झाकणाची कड आजूबाजूच्या स्लॅबपेक्षा 15 सेंटिमीटर उंच घ्या आणि झाकण कडेवरून खाली उतरणारं, डब्याच्या झाकणासारखं ठेवा. कुलूप लावा. किल्ल्या दोन, दोन वेगळ्या घरी.

थांबा: ओव्हरफ्लो उमाळ्यापेक्षा वर ठेवून जास्त पाणी साठवण्याचा मोह होतो. तसं केलं की साठलेलं पाणी उमाळ्यावर दाब देतं, आणि पाणी डोंगरात दुसरी वाट शोधतं. पुढच्या वर्षी झरा 50 पावलं बाजूला फुटलेला दिसतो किंवा दिसतच नाही. पेटी ही साठवणीसाठी नसतेच. साठवण खाली, पाड्याजवळ.

थांबा: सुरुंग नको, ब्रेकरही नको. ‘थोडं फोडलं की पाणी वाढेल’ असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. भेगा हलल्या की पाणी कुठे जाईल हे कुणालाच सांगता येत नाही.

पेटीच्या वरच्या अंगाला 8 ते 10 मीटरवर अर्धचंद्राकार चर काढा, म्हणजे पावसाचं वाहतं पाणी बाजूने निघून जाईल. सभोवती काट्यांचं किंवा दगडाचं कुंपण घाला. वरच्या बाजूला किमान 30 मीटरपर्यंत गुरं बसणं, संडास, खताचा खड्डा, धुणं यांतलं काही नको. ओव्हरफ्लोचं पाणी पाईपने 15 मीटर खाली नेऊन गुरांसाठी आणि रानातल्या जनावरांसाठी कुंडीत सोडा. ते सोडलं नाही तर तहानलेली गुरं कुंपण मोडून पेटीपाशी येतात, आणि खालच्या ओढ्यावर जगणारं सगळंच सुकतं.

तपासा: पाड्याकडचा पाईप बूच लावून बंद करा आणि पेटी भरू द्या. पाणी ओव्हरफ्लोमधून निघालं पाहिजे. बाहेरून, पेटीच्या कडेने किंवा पायाखालून निघत असेल तर ते आत्ताच बुजवा. नंतर बादली-घड्याळाने मोजा: आकडा बांधण्याआधीच्या आकड्यापेक्षा कमी आला तर पाणी कुठेतरी निसटतंय.

## टप्पा 7: पाईप

उंचीतला फरक डोळ्याने ठरवू नका. गवंड्याच्या लेव्हल पाईपने, पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने, टप्प्याटप्प्याने मोजत या. दर 10 मीटर उंचीला साधारण 1 किलो दाब येतो. पीएन 6 पाईप 6 किलोपर्यंत, म्हणजे 60 मीटर उंचीपर्यंत. म्हणून दर 50 मीटर उंची उतरल्यावर दाब तोडणारी छोटी टाकी घ्या, हवेला मोकळी पण झाकण असलेली. ती वगळली तर रात्री सगळे नळ बंद झाल्यावर पाईप फुटतो.

मिनिटाला 10 लिटर पाण्यासाठी 32 मिलिमीटरच्या पाईपमध्ये दर किलोमीटरला साधारण 5 मीटर उंची घर्षणात जाते. तेच 25 मिलिमीटरच्या पाईपमध्ये 20 मीटरच्या आसपास. स्वस्त म्हणून 25 चा पाईप घेतला आणि उतार लांब पण सपाट असला तर शेवटी नुसती बारीक धार येते.

चारी 60 सेंटिमीटर खोल. वरून टाकलेला काळा पाईप तीन गोष्टींनी जातो: उन्हाने, साळिंदराच्या आणि माकडांच्या दातांनी आणि वणव्याने. वणवा फेब्रुवारीपासून लागतो, आणि एका दुपारीत अर्धा किलोमीटर पाईप वितळतो. जिथे खडकामुळे चारी जमत नाही तिथे तेवढा तुकडा जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) घ्या.

पाईपची वाट शक्यतो सलग उतरती ठेवा. मध्ये उंचवटा आला की तिथे हवा अडकते आणि पाईप फुटलेला नसतानाही पाणी येत नाही. उंचवट्याला एअर वॉल्व, खोलगट जागी गाळ सोडायचा वॉल्व. नळ बसवण्याआधी पाईप खालून उघडा ठेवून तासभर धुऊ द्या. आत माती आणि प्लास्टिकचा भुसा असतो.

## टप्पा 8: टाकी आणि नळकोंडाळं

टाकीचा ओटा सपाट आणि नळापेक्षा किमान सव्वा मीटर उंच. आत येणारं पाणी वरून पडू द्या, म्हणजे बादलीने मोजता येतं. 200 माणसांना चार पितळी नळ. नळ ओट्यापासून 60 सेंटिमीटर उंच, म्हणजे हंडा खाली बसतो आणि उचलणारीला कमरेत फार वाकावं लागत नाही. ओट्याला उतार देऊन पाणी परसबागेत किंवा 1 मीटरच्या शोषखड्ड्यात सोडा. चिखल झाला की डास आणि डुकरं दोन्ही येतात.

नळांची जागा पाड्यातल्या बायका ठरवतील. त्यांना विचारलं नाही तर नळ पुढाऱ्याच्या अंगणात जातो.

## टप्पा 9: टीसीएल

नवी टाकी आणि पाईप एकदाच धुण्यासाठी: 1,000 लिटरला 150 ग्रॅम ताजी टीसीएल पावडर, म्हणजे 5,000 लिटरला 750 ग्रॅम. पाणी पाईपमध्येही येऊ द्या आणि 12 तास ठेवा. या काळात नळांवर फडकं बांधून ठेवा आणि घरोघरी सांगा, हे पाणी पिऊ नका. नंतर ते मोकळ्या जमिनीवर पसरून सोडा, ओढ्यात नको, मासे मरतात.

रोजची मात्रा: 33 टक्के क्लोरीनच्या पावडरीची 1,000 लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे 5,000 लिटरला 25 ग्रॅम. मूठ किंवा चमचा नको, एकदा छोट्या काट्यावर 25 ग्रॅम मोजून त्या मापाचं झाकण ठरवून ठेवा.

1. प्लास्टिकच्या बादलीत पावडर घ्या, थोडं पाणी घालून गुठळ्या मोडत लगदा करा. मग बादली पाऊण भरा.
2. दहा मिनिटं स्थिर ठेवा. चुना तळाशी बसतो.
3. फक्त वरचं निवळ टाकीत ओता. खालचा चुना टाकीत गेला तर पाणी पांढरं दिसतं, नळ अडतात आणि लोक पाणी सोडून देतात.
4. अर्धा तास नळ बंद. मगच पाणी सोडा.

सर्वांत जास्त चुका इथे होतात. टाकीत झरा सतत येत असतो, म्हणजे सकाळी टाकलेलं औषध दुपारपर्यंत विरळ होतं. म्हणून रात्री 9 ला टाकीचा बाहेर जाणारा वॉल्व बंद करा, पहाटे टाकी भरली की मात्रा टाका आणि अर्ध्या तासाने वॉल्व उघडा. संध्याकाळच्या पाळीआधी टाकीत किती पाणी आहे ते पाहून तेवढ्याचीच मात्रा पुन्हा टाका आणि पुन्हा अर्धा तास थांबा. थेंब-थेंब औषध सोडणारी यंत्रंही मिळतात, पण चुन्याने तोंड बुजतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. रोज बघणारा माणूस असेल तरच ती घ्या.

तपासा: क्लोरीनची चाचणी टाकीजवळच्या नळावर न करता सर्वांत लांबच्या नळावर करा. 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटरपेक्षा कमी नको. ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीत पाण्याला येणारा पिवळा रंग 10 सेकंदांच्या आत वाचा. उशिरा वाचलात तर खोटा जास्त आकडा दिसतो. चाचणीचं पाणी पिण्याच्या भांड्यात पुन्हा ओतू नका. रंगच आला नाही तर आधी पावडर जुनी आहे का पाहा. उघड्या गोणीतली, दमट जागी ठेवलेली पावडर लवकर मरते. 20 टक्क्यांखाली आलेली पावडर वापरू नका. ताजी मागा.

टीसीएल घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, धान्यापासून आणि पोरांपासून लांब ठेवा. संडास साफ करायच्या ॲसिडशी ती कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. हाताळताना तोंडाला फडकं, हातात मोजे.

पहिले आठ दिवस वास येतो अशी तक्रार येईलच. डवऱ्याच्या गोड पाण्याची सवय असलेल्यांना ती येणं साहजिक आहे. मात्रा निम्मी करून टाकू नका. पाणी हंड्यात झाकून रात्रभर ठेवलं की वास बराच उतरतो, हे बायकांना आधीच सांगा. हंड्यातून पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढायचं. हात बुडाला की सकाळपासूनची सगळी मेहनत वाया.

## टप्पा 10: पाऊस आणि देखभाल

काम पाहणारी दोन माणसं ठरवा, त्यातली एक बाई. तिला ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाशी (पाण्याची तपासणी पाहणाऱ्याशी) जोडून द्या आणि चाचणीचा संच तिच्या घरी ठेवा. 40 घरांनी महिना 20 रुपये दिले तरी 800 रुपये होतात. त्यात वॉशर, 32 मिलिमीटरचे जोड, क्लॅम्प, करवतीचं पातं आणि एक जादा नळ कायम घरात राहतो. सुट्या सामानाची ही पिशवी पहिल्याच दिवशी भरून द्या. पाच रुपयांच्या वॉशरसाठी तालुक्याला जायला भाडंच शंभरावर लागतं.

- दर आठवड्याला: कुंपण, झाकण, कुलूप, ओव्हरफ्लोची जाळी. फाटलेल्या जाळीतून खेकडे आणि बेडूक आत जातात.
- दर महिन्याला: बादली-घड्याळाने धार मोजून वहीत लिहा. तळाचं बूच काढून गाळ सोडा.
- होळीआधी: पाईपच्या वाटेवरचं सुकं गवत दोन्ही बाजूंनी दोन हात काढून टाका.
- पावसाआधी आणि पावसानंतर: ग्रामपंचायतीच्या स्रोत सर्वेक्षणात हा झरा घेतला आहे का पाहा. लाल कार्ड (धोक्याचा इशारा) मिळालं असेल तर कारण लेखी मागा आणि तेवढंच आधी दुरुस्त करा.

पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्रीनंतर सकाळी वर जाऊन या. चर बुजला असेल तर मोकळा करा. पाणी गढूळ असेल तर पाड्याकडचा पाईप पेटीपाशीच बंद करा, तळाचं बूच काढा आणि निवळ पाणी येईपर्यंत वाहू द्या. गढूळ पाण्यात टीसीएल कितीही टाकली तरी ती मातीच खाते. तोवर टाकीत असलेलं जुनं पाणी फक्त प्यायला वापरायचं, आणि तेही संपलं तर पाणी दुपदरी फडक्याने गाळून, खळखळून एक मिनिट उकळून घ्यायचं.